तिबिलिसीची काकी

खोलीत पाऊल टाकल्याबरोबर त्याने आधी टेबलावर तळहात ठेवून ते हलतं का बघितलं. मग फोन डोक्याच्या वर धरून खोलीभर, गॅलरीत, जिन्यात फिरला. पाहुणे आधी समुद्र बघतात, निदान गादी दाबून बघतात. हा नेट बघत होता. "पाहावं लागेल, काकी," एवढं म्हणाला आणि पाठीवरची सॅक खाली ठेवली.

असे पाहुणे आता तुम्हीही पाहिले असतील. कंपनी एका देशात, साहेब दुसऱ्या देशात आणि हे लॅपटॉप घेऊन तिसरीकडेच. हा मूळचा नागपूरकडचा. परदेशातल्या एकेका शहरात महिना-दोन महिने राहून, कायमचा मुक्काम कुठे टाकावा ते ठरवत फिरत होता. आमच्या गावात, आचऱ्याला, माडीवरच्या भाड्याच्या खोलीत आला तोही त्याचसाठी. "इथलं जमलं तर इथेच राहीन," असं पहिल्या दिवशी सहज बोलून गेला. आमची मुलगी सासरी, मुलगा मुंबईला. जेवायला आम्ही दोघंच. ह्याला ठेवून घ्यायचाच, असं मी मनाशी पक्कं केलं.

जेवताना तो शहरांच्या गोष्टी सांगायचा. लिस्बनला समुद्र आहे, पण चढ फार आणि भाडं परवडत नाही. तारले मासे मात्र निखाऱ्यावर भाजून देतात, झकास लागतात. तारले भाजायला काय अक्कल लागते हो? दुसऱ्या दिवशी मी तारल्यांचं झणझणीत तिखलं केलं. बोटं चाटत तो म्हणाला, "लिस्बनला हे नाही." मी ते दिवसभर वाडीत सगळ्यांना सांगत फिरले.

थायलंडातल्या चियांग माईचं नेट फार जोरात, पण उन्हाळ्यात डोंगर पेटतात आणि धूर कोंडतो, असं त्याने सांगितलं. त्या दिवसापासून मी अंगणात झाडून काढलेला सुका पातेरा जाळणं बंद केलं. आमचे हे म्हणाले, उद्या चूल पण बंद कर.

लिस्बन, चियांग माई मी पचवली. तिबिलिसी पचेना. हे जॉर्जिया देशातलं शहर. तिथे राहणं स्वस्त, नेट चांगलं, आणि वर "तिथल्या काकी". त्याच्या घरमालकीणबाई. चीज भरलेली गरम रोटी, तिच्यावर अंडं, असं काहीबाही त्या करून वर आणून देत. मी जळले. सरळच सांगते, अंगाचा तिळपापड झाला. राहिलास तर राहिलास, पण तिला काकी कशाला म्हणायचं? त्याने फोटो दाखवला. बाई हसरी होती, गोरी होती, डोक्याला रुमाल होता. मी म्हटलं, तब्येत बरी दिसत नाही हिची.

त्यात गावपळण आली. आमच्या गावात काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरात कोणी थांबायचं नाही. हे मी त्याच्यापासून लपवून ठेवलं होतं. जो गाव स्वतःच घरदार सोडून उठतो, त्याला हा पास कसा करणार? शेवटी आदल्या संध्याकाळी कोंबड्या पाटीखाली झाकता झाकता सांगून टाकलं. निसटलेली एक कोंबडी त्याने धरून दिली. मग म्हणाला, "पाहावं लागेल," आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप गोणपाटात गुंडाळून आमच्याबरोबर निघाला.

शेजारच्या गावाच्या हद्दीत काजूखाली आमची झावळ्यांची झोपडी. तिथे त्याने बांबूला फोन बांधला, शेजाऱ्याच्या रिक्षाच्या बॅटरीवर लॅपटॉप चालवला. साहेबाला वाटलं गावात पूर आलाय. पूर नाही, देवाने सांगितलंय, हे समजावताना त्याची तारांबळ उडाली. रात्री पोरांबरोबर भजनाला बसला, टाळ उलटेच वाजवले. मला वाटलं, जिंकले मी.

चौथ्या दिवशी देवाला पुन्हा विचारतात. कौल झाला तर गाव भरतो, नाही तर मुक्काम वाढतो. त्याचे ठरलेले दिवस संपले होते, परतीची गाडी त्याच संध्याकाळची होती, पण गाव भरलेला बघूनच निघेन, असा त्याचा हट्ट. मानकरी देवळात गेले. सगळी माणसं घरच्या ओढीने हात जोडून उभी. एकटी मी मनात म्हणत होते, देवा, आज नको म्हण. गावाच्या उलट गाऱ्हाणं घालणारी मी पहिलीच बाई असेन.

देवाने हो म्हटलं. ढोल वाजले, बैलगाड्या, मोटारसायकली वेशीतून आत सुटल्या. कोंबड्यांची पाटी त्यानेच आमच्या अंगणात आणून ठेवली. कुडाळ स्टेशनची रिक्षा दारात उभी. मला राहवेना.

"खरा सांग रे झिला. खंय ठरवलंस?"

"तिबिलिसी, काकी."

"कित्याक? हयसर काय कमी पडला तुका?"

"कमी नाही. इथे काम होत नाही माझं. सकाळपासून कान खाली असतो, काकी जेवायला कधी हाक मारतात म्हणून. साहेब दोनदा बोलला. तिथे तसं होत नाही."

मग वाकून पाया पडला आणि गेला. मी चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी चूल पेटवायला घेतली. धुराचं निमित्त बरं असतं.

माडीवर आता कोल्हापूरचं एक जोडपं आहे. समुद्र बघतात, वेळेवर जेवतात, तक्रार नाही. तरी दुपारी ताटं मांडली की मी जिन्याच्या तोंडाशी जाते आणि "येवा रे" म्हणायच्या आधी थांबते. तिबिलिसीला त्या वेळी अजून सकाळच असते, तो कामात असेल. तिथली ती बाई त्याला जेवायला हाक मारते की नाही, मला ठाऊक नाही. मारत नसावी. मारू नये.