कमी बोलतो, एवढंच

मी धारवाडच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. मन ताठ ठेवलं की मोडतं, त्याला वळू द्या, असं वर्गात पोरांना घसा फोडून सांगायचे. घरी माझा बावीस वर्षांचा भाऊ पाच महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. इंजिनिअरिंग सोडून कन्नड घेऊन बी.ए. करतो म्हणाला, तेव्हा अप्पांनी त्याला उभा-आडवा झापला होता. मी तिथेच बसून पेपर तपासत होते.

डॉक्टरकडे नेलं तर चारचौघांत नाव जाईल, म्हणून अप्पांनी त्याचं लग्न करायचं ठरवलं. अळणावरला मुलगी बघायला गेलो. त्याच्यापुढचं उप्पीट गार झालं, त्याने चमचाही उचलला नाही. मुलीच्या वडिलांनी त्याला दोनदा काहीतरी विचारलं. दोन्ही वेळा उत्तर मीच दिलं. "कमी बोलतो, एवढंच," मी हसून म्हणाले. मनाचं शास्त्र शिकवणारी बाईच सांगतेय म्हटल्यावर त्यांनी लगेच होकार दिला.

लग्नानंतर दोन महिन्यांनी भावजयीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अक्का, खरं सांगा, हे आधीपासूनच असे होते का?"

"छे ग," मी म्हणाले, "तू आल्यापासूनच."