केनियातलं इंजिन आणि दिंद्रुडचा सत्कार

कंपनीच्या खर्चाने परदेशात समाजसेवा करायची संधी आली तर जरूर जा. फक्त परतताना वाट वाकडी करून गावी जाऊ नका, नाहीतर माझ्यासारखी शोभा होते. केनियातला माझा महिना गुरुवारी संपला. कामाचा पक्का अहवाल सोमवारी मुख्य कार्यालयात जायचा होता. मधल्या दोन दिवसांत दिंद्रुडला आईच्या हातची भाकरी खाऊन मगच पुणं गाठायचं, असं मी ठरवलं.

आधी माझा पराक्रम सांगते. नैरोबीपासून तीन तासांवरच्या एका गावात बायकांच्या गटाला भाजीपाल्याचं नियोजन शिकवायला मला पाठवलं होतं. राहायला-जेवायला त्यांच्यातल्याच एकीकडे. तिला सगळे 'ममा ब्रायन' म्हणत, म्हणजे ब्रायनची आई. गटाचं पाणी उपसायचं डिझेल इंजिनही तीच सांभाळायची. आपल्याकडे विहिरीवर असतं तसलंच, आपल्याच देशातून गेलेलं. शेवटच्या आठवड्यात मला डिझेलचा खप मोजायची हुक्की आली. टाकी पार रिकामी होईपर्यंत इंजिन चालवा, असं मी फर्मावलं. ती नको नको म्हणत होती. मी तिला माझा तक्ता दाखवला.

टाकी संपली, इंजिन थांबलं आणि नंतर डिझेल भरूनही चालू होईना. दोन दिवस मिरचीची रोपं माना टाकून उभी आणि भारतातून आलेल्या तज्ज्ञबाई हँडल मारून घामाघूम. शेवटी मी दिंद्रुडला व्हिडिओ कॉल लावला. आमच्या घराशेजारी मुनीरचाचांचं इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे.

"हँडल मारल्यावर नोझल टक-टक वाजतंय का?" चाचांनी विचारलं.

"नाही."

"टाकी रिकामी केलती का?"

"हो, खप मोजायला."

"कावून केलती गं? पायपात हवा शिरली. पायपाचा नट ढिला कर, हवा जाऊ दे, मग आवळ."

मी इंग्रजीत सांगत गेले, ममा ब्रायन पाना फिरवत गेली. आधी बुडबुडे आले, मग नुसतं डिझेल. तिने जोर लावून हँडल मारलं आणि इंजिन धडधडलं. त्या रात्री कंपनीला पाठवलेल्या कच्च्या अहवालात मी लिहिलं, 'तांत्रिक बिघाड स्वतः सोडवला.' बिघाड कुणी केला, हे लिहायचं राहून गेलं.

तर प्रवास. नैरोबी ते मुंबई विमानाला सहा तास, त्याचं काही नाही. खरा कस मुंबई ते बीड लागतो. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, पाठीच्या दुखण्यात मात्र सवलत नाही. बीडला गाडी बदलून वडवणी, तेलगाव करत दिंद्रुड. वडवणीला गाडी थांबली तर भजी घ्या, पण आधी गरम आहेत का ते हात लावून बघा.

गावात उतरले तर समोर फ्लेक्स! 'आफ्रिकेत इंजिन चालू करणारी दिंद्रुडची कन्या', आणि खाली दहावीतला माझा तेल चोपडलेला फोटो. कंपनीने माझ्या कच्च्या अहवालातलं ते वाक्य आपल्या फेसबुक पानावर छापलं होतं आणि आमच्या दादांनी ते गावभर पाठवलं होतं. रविवारी सकाळी शाळेत सत्कार ठेवलेला.

भाकरी वाढताना आई म्हणाली, "मुनीरभाई लई गप गप हायेत. इंजिन म्या चालू केलं म्हनले, तर समदे हसले. चहावाला म्हनला, चाचा, आता चंद्रावरची मोटर बी बघा. तवापासून हॉटेलात चहाला जाईनात."

ज्या माणसाच्या एका शब्दावर पंचक्रोशी इंजिनं उघडते, तो माझ्या एका वाक्यामुळे थापाड्या ठरला होता. मला फार लाज वाटली. समोरची भाकरी तशीच राहिली.

सत्कारात शाल-नारळ हातात येताच मी माईक धरला आणि बोलून टाकलं. टाकी मीच रिकामी केली, इंजिन चाचांमुळे चालू झालं. हशा उसळला, आणि या वेळी तो माझ्यावर होता. चहावाला उठून म्हणाला, "चाचा, चुकलं आमचं." मागच्या रांगेतले चाचा नुसती मान हलवून बसून राहिले.

तिथून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या दुकानात गेले. अहवाल दुरुस्त करायचा होता.

"चाचा, पूर्ण नाव सांगा."

"माझं लिव्ह. पर तिथं हात कुनी काळे केले?"

"ममा ब्रायननी."

"ते तर पोराचं नाव झालं. बाईचं काय नाव हाय?"

मला माहीत नव्हतं. महिनाभर तिच्या चुलीवरचं खाल्लं, तिला तक्ते शिकवले आणि तिचं नाव विचारलं नाही. चाचा फडक्याने हात पुसत राहिले. मी तिथेच बसून तिला मेसेज केला. तासाभराने उत्तर आलं: वंजिरू. सोबत मिरचीच्या रोपांचा फोटो. माना वर होत्या.

संध्याकाळच्या गाडीने निघून पुण्यात घरी पोचले आणि ऑफिस उघडायच्या आत अहवाल पुन्हा भरला. प्रत्येक नावापुढे 'सहभाग' असा रकाना असतो. मुनीरचाचा: बिघाड ओळखला. वंजिरू: इंजिन चालू केलं. माझ्या नावापुढे आधी 'समन्वय' लिहिलं आणि खोडलं. मग खरं तेच लिहिलं: टाकी रिकामी केली, फोन धरला.