चौदा हजार वर्षं

शिवरात्रीच्या दुपारी तीन वाजता केदारनाथ गुरव महादेवाच्या सभामंडपात येऊन बसत, उपरणं मांडीवर घेत आणि पहिलं वाक्य बोलत, "तवा काईच नव्हतं." बीडकडच्या दिंद्रुड गावात ज्यांचं लहानपण एकोणीसशे पासष्ट ते पंच्याण्णव या तीस वर्षांत गेलं, त्यांच्यातले बरेच जण आज पुण्याला, औरंगाबादला, कारखान्याच्या कॉलन्यांमध्ये राहतात. शिवरात्रीला भगर खाल्ली की त्यांना हे वाक्य अजून आठवतं. फरशी तेव्हा नव्हती. काळ्या दगडाची जमीन फेब्रुवारीतसुद्धा गार लागायची आणि पोरं सदऱ्याचा घोळ खाली सारून बसायची.

काहीच नव्हतं, तेव्हा ब्रह्मदेव आणि विष्णू यांच्यात थोरला कोण यावरून भांडण लागलं. तेवढ्यात दोघांच्या मधोमध आगीचा एक खांब उभा राहिला. त्याला ना बूड दिसे ना शेंडा. ज्याला टोक सापडेल तो थोरला, असं ठरलं. ब्रह्मदेव हंस होऊन वर गेला, विष्णू डुक्कर होऊन खाली. इथं केदारनाथ उपरण्याची दोन्ही टोकं धरून हात हलवत आणि हंस होत. मग गुडघ्यावर येऊन कपाळानं जमीन उकरत. विष्णू दमून परत आला आणि म्हणाला, मला न्हाई सापडलं. ब्रह्मदेवालाही सापडलं नव्हतं, पण तो म्हणाला, मला सापडलं. वाटेत भेटलेल्या केवड्याच्या फुलाला त्यानं खोटा साक्षीदार म्हणून सोबत आणलं होतं. खांब महादेवाचाच होता, त्यानं खोटं ओळखून केवड्याला शाप दिला. म्हणून महादेवाला केवडा वाहत नाहीत, आणि दिंद्रुडच्या देवळात कुणी चुकून आणलाच तर केदारनाथ तो उंबऱ्यावरूनच परत पाठवत.

गोष्ट तीच असायची, पण पोरं एका जागेची वाट बघत. हंस वर निघाला की केदारनाथ थांबत आणि विचारत, "किती वर्सं उडला?" सगळा मंडप ओरडायचा, "चौदा हजार!"

वडील, म्हाळू गुरव, पासष्ट साली गेले आणि देवळाचं काम केदारनाथांकडे आलं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. शिक्षण सातवी. दर सोमवारी पहाटे बेल तोडायचा आणि उजाडल्यावर साठ-सत्तर दारांवर नेऊन द्यायचा. कोणत्या बांधावरच्या बेलाला कधी पालवी फुटते हे त्यांना मालकापेक्षा जास्त ठाऊक. दारातून हाक मारायची, "बेल घ्या हो." आतून बाई येईपर्यंत उभं राहायचं. वर्षभर ते गावाच्या दारात उभे असत. गाव त्यांच्यापुढे बसायचं ते वर्षातून एकदाच, शिवरात्रीच्या त्या तासाभरासाठी. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांची बायको पारूबाई जाणून होती. त्या सकाळी धोतर दोनदा धुतलं जाई.

चौऱ्याण्णव साली मोहनरावांच्या किराणा दुकानावर डिश बसली. मोहनराव देवळाच्या पंचकमिटीचेही प्रमुख होते. डिशपासून निघालेली काळी वायर देवळाच्या पिंपळाला वळसा घालून पेठेत गेली. देवादिकांच्या गोष्टी आता रंगीत आणि रोज दिसू लागल्या. त्यात हंस खरोखर उडायचा. पंच्याण्णवच्या शिवरात्रीला मंडप अर्धाही भरला नाही.

त्याच सुमाराला शाळेत प्रवीण सर आले. धारूरकडचे, छप्पन साली धम्म घेतलेल्या घरातले, विज्ञानाचे शिक्षक. पंच्याण्णवच्या दिवाळीतल्या सूर्यग्रहणाला केदारनाथांनी देवळाची दारं लावून घेतली होती. प्रवीण सर मात्र चाळीस पोरांना काळे चष्मे देऊन शाळेच्या मैदानावर उभे होते. कुणाला काही झालं नाही. तेव्हापासून पोरं सरांचं ऐकू लागली.

शहाण्णवची शिवरात्र शनिवारी होती. त्याआधी गुरुवारी दुपारी सर शाळेत चित्रं दाखवून 'विश्व कसं जन्मलं' ते सांगणार, गावकऱ्यांनीही यावं, अशी दवंडी झाली. मोहनरावांनी केदारनाथांना दुकानात बोलावून घेतलं.

"केदार, जग कसं झालं हे सांगायचं काम तुझं. आता ते मास्तर सांगायलाय. त्याचं काय, त्याला देवच न्हाई. जा आन गप कर त्याला एकदाचं."

"मी काय बोलणार अप्पा? मी सातवी."

"मग ऱ्हाऊ दे. औंदा तीनच्या टायमाला मी टीव्हीच आणून ठिवतो मंडपात. गर्दी तरी होईल."

पुढचे तीन दिवस केदारनाथ बेल तोडताना एकच प्रश्न घोळवत होते. सरांना काय विचारायचं?

गुरुवारी शाळेच्या मोठ्या खोलीच्या खिडक्यांना गोणपाट लावून अंधार केला होता. सरांनी बीडहून चित्रं दाखवायचं यंत्र आणलं होतं आणि भिंतीवर पांढरी चादर लावली होती. तिसरं चित्र आलं आणि लाईट गेली. लोक उठू लागले. सरांनी गोणपाट काढायला लावलं आणि ते रिकाम्या हातांनीच बोलू लागले.

"भोगीची भाकरी आठवा. बाजरीची, तीळ लावलेली. गोळ्यालाच तीळ लावले असं समजा, आणि आता थापा." त्यांनी हातांनी भाकरी थापून दाखवली. हात सराईत होता, कॉलेजात असताना ते स्वतःच करून खात. बायका हसल्या. "भाकरी मोठी होते तसा प्रत्येक तीळ दुसऱ्यापासून लांब जातो. तीळ चालत नाहीत, भाकरी वाढते. आपल्या आकाशातल्या तारकांच्या वस्त्या अशाच एकमेकींपासून लांब चालल्यात. किती वेगानं, ते मोजता येतं. मग उलटा हिशेब करायचा. सगळं एका गोळ्यात कधी होतं?"

पारूबाई मागून म्हणाल्या, "ते खरं सर, पन थापणारं कोण?"

खोली हसली. सरही हसले. "ते विज्ञान सांगत नाही, मामी. कधी, तेवढं सांगतं. सुमारे पंधराशे कोटी वर्षांपूर्वी. पाचशे कोटी इकडं किंवा तिकडं."

"पाचशे कोटी इकडं-तिकडं!" सटवा न्हावी ओरडला. "आमचा तलाठी बरा की मग!"

हशा ओसरला तसे केदारनाथ उठले. मोहनराव दाराशी उभे होतेच.

"सर, त्या गोळ्याच्या आदी काय होतं?"

सरांनी थोडा विचार केला. "माहीत नाही."

"तुमाला माहीत न्हाई का कुनालाच?"

"कुणालाच नाही, मामा. शोधतायत. अजून सापडलं नाही."

"अर्रर्र!" सटवा म्हणाला. "सरांची भाकरी करपली!"

खोलीत हशा पिकला. पोरंही हसली, कालपर्यंत सरांच्या मागं फिरणारी. मोहनरावांनी केदारनाथांच्या पाठीवर थाप मारली. सर भिंतीवरची चादर काढत होते. तिची टोकं जुळवून त्यांनी घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून उलगडली आणि पुन्हा घातली.

घरी पारूबाई म्हणाल्या, "जितलात की. मग तोंड कावून उतरलंय?"

"कुटं उतरलंय," केदारनाथ म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी पोथी काढली. कथेच्या आदल्या दिवशी ती नजरेखालून घालायची त्यांची पद्धत होती. अलीकडची दहा-बारा वर्षं मात्र फडक्यातून काढून, हळदकुंकू लावून ती तशीच बांधून ठेवली जाई, कारण सगळं तोंडपाठ होतं. या वेळी त्यांना एक जागा हवी होती. सरांचे पाचशे कोटी इकडं-तिकडं होतात, आपले चौदा हजार पोथीत छापलेले आहेत. उद्या मंडपात तेवढं पान उघडून दाखवायचं.

पान सापडलं, पण आकडा सापडला नाही. हंस वर गेला, 'पुष्कळ काळ' गेला, एवढंच होतं. त्यांनी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. मग अध्याय पहिल्यापासून बोट ठेवून वाचला. पारूबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली.

मग त्यांना आठवली चतुरा. सहासष्ट साल, त्यांची पहिली कथा. पुढच्या रांगेत झिपऱ्या सोडून बसलेली सात-आठ वर्षांची पोर. तिनं मधेच विचारलं होतं, "किती वर्सं उडला?" सगळा गाव बघत होता. वडलांच्या जागी बसून 'ठाऊक न्हाई' म्हणायची सव्वीस-सत्तावीसच्या वयात लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, चौदा हजार. दुसऱ्या वर्षी तिनंच तो आकडा ओरडून सांगितला. तिसऱ्या वर्षी सगळ्यांनी. पुढं तो आपण घातला हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात राहिलं नाही.

चतुरा आता दोन सुनांची सासू होती, चतुराबाई. तिची पोरं तोच आकडा ओरडत मोठी झाली होती.

केदारनाथ पोथी उघडीच ठेवून बसले. पुढचीच ओळ विष्णू परत आल्याची होती.

शनिवारी मंडप भरला होता, बाहेर पायऱ्यांवरही माणसं होती. गुरुवारची बातमी वाड्या-वस्त्यांवर पोचली होती. मोहनरावांनी हौसेनं पिंपळावर कर्णा बांधला होता, म्हणजे कथा साऱ्या गावाला ऐकू जावी. टीव्हीचं नावही कुणी काढलं नाही. केदारनाथांना त्यांचा तास परत मिळाला होता.

"तवा काईच नव्हतं," त्यांनी सुरुवात केली. भांडण झालं, खांब उभा राहिला, उपरण्याचे पंख झाले. ते थांबले. पण विचारायचं राहिलं. पोरांनी वाट पाहिली नाही, "चौदा हजार!" म्हणून मंडप दणाणला.

केदारनाथांनी उपरणं खाली ठेवलं.

"न्हाई," ते म्हणाले. "चौदा हजार पोथीत न्हाई. ते मी घातलं."

कर्ण्यातून ते पेठेत गेलं, शाळेकडं गेलं, वेशीपर्यंत गेलं.

"पैल्या वर्साला ह्या चतुरानं इचारलं, पोर व्हती तवा. मला ठाऊक नव्हतं. ठाऊक न्हाई म्हनायचं सोडून मी आकडा सांगितला. एकतीस वर्सं सांगत आलो."

"काय बोलतोस केदार!" मोहनराव उठून उभे राहिले. "मग आजून काय काय घातलंस बे?"

"येवढंच."

"कशावरून?"

केदारनाथांनी खाली ठेवलेलं उपरणं उचललं. तिथूनच कथा पुढं नेली. डुक्कर खाली गेलं, परत आलं. कपाळ जमिनीला लावायला ते विसरले नाहीत, पण कुणी हसलं नाही. "विष्णू म्हनला, मला न्हाई सापडलं. आन महादेवानं त्याला जवळ घेतलं. परवा शाळेत एक मानूस हेच म्हनला. त्याला आपन हसलो. पैला मी." पुढं केवडा आला, शाप आला आणि कथा संपली. लोक नेहमीसारखे पाया पडायला थांबले नाहीत. चतुराबाई तेवढी जाताना म्हणाली, "मामा, मला तर कायबी आठवत न्हाई बगा, मी इचारलेलं."

सत्त्याण्णवच्या शिवरात्रीला मंडपात टीव्ही आला. गर्दी चांगली झाली. केदारनाथांनी सकाळची पूजा केली, बेल वाटला आणि दुपारी घरी आले. तीन वाजता पारूबाईंनी अंगणात लिंबाखाली घोंगडं टाकलं. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आठ-दहा माणसं आली. त्यात प्रवीण सर होते. देवळात जाण्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, तसं त्यांनी आल्या-आल्या सांगितलंही. "मी गोष्ट ऐकायला आलोय, मामा. पाया पडणार नाही."

"नका पडू. बसा."

हंस उडाला तिथं सरांनीच विचारलं, "किती वर्षं?"

"पोथीत न्हाई," केदारनाथ म्हणाले, आणि दोघं हसले.

अठ्ठ्याण्णवमध्ये सरांची बदली पाटोद्याला झाली. लिंबाखालची कथा चालू राहिली, कधी सात माणसं, कधी चार. देवळात मंडपाला फरशी बसली. टीव्हीचाही कंटाळा येऊन पुढं तिथं भजनाची सीडी लागू लागली. केदारनाथांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकू लागला, तरी सोमवारचा बेल चुकला नाही. दारं मात्र साठावरून तिसावर आली.

दोन हजार तीन साली शिवरात्रीच्या आदल्या आठवड्यात पाटोद्याहून एक कार्ड आलं. केदारनाथांनी ते उन्हात धरून उजव्या डोळ्यानं वाचलं, मग पारूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं.

'मामांना नमस्कार. त्या गुरुवारी शाळेत मी पंधराशे कोटी वर्षं असं सांगितलं होतं. परवा पेपरात आलं आहे, नवीन मोजणीत तेराशे सत्तर कोटी निघाली. चूक वीस कोटी इकडंतिकडं, पाचशे नाही. तरी त्या दिवशी जे बसले होते त्यांना कृपया कळवावं. गोळ्याच्या आधीचं अजून सापडलेलं नाही. आपला, प्रवीण.'

पारूबाई ज्वारी निवडत होत्या. "आन थापणारं कोण, ते लिव्हलंय का?"

केदारनाथांनी कार्ड उलटून पाहिलं. मागं फक्त पत्ता होता.

"न्हाई."

"मंग इचारा की. त्ये सांगल न्हाईतर न्हाई म्हनंल."

केदारनाथ उठले, टोपी घातली आणि आधी सटवाच्या दुकानाकडे गेले, कारण त्या गुरुवारी तो खोलीत होता. तिथून पोस्टात जाऊन त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं.