ड्रोनवाल्याचं हेल्मेट

आमच्या सिंदीतला शेजारी लग्नांत ड्रोन उडवून शूटिंग करतो. ड्रोनचं पातं तुटलं की तो बाजारातलं डुप्लिकेट बसवतो. "हे अन् कंपनीचं, जुळे भाऊच समजा मावशी," म्हणतो. मोटरसायकलवर तो कधी हेल्मेट घालत नाही, ड्रोन उडवताना मात्र न चुकता घालतो.

माझ्या लेकीच्या हळदीलाही त्याने डुप्लिकेट पाती लावली. नको म्हणायला मला जमेना. मी नुसती त्याच्या हेल्मेटकडे बघत राहिले.

"अशा काऊन पाहून राह्यल्या मावशी?" तो ओशाळून म्हणाला. मग हेल्मेट काढून त्याने लेकीच्या डोक्यावर घातलं.

वरून काढलेल्या त्या फिल्ममध्ये हळदीच्या पाटावर काळं हेल्मेट बसलेलं दिसतं. बाजूला तो उभा आहे, एका हातात रिमोट, दुसरा हात स्वतःच्या डोक्यावर.