पहिले पाचशे

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. माझ्या नव्या गाडीचं इंजिन मिस्त्रींनी खराब केलं नव्हतं. मी केलं होतं.

लातूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रींचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड आणि समोर लिंबाचं झाड. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं नाव विचारायचं कुणाला सुचत नाही. गल्लीत नवी गाडी आली की पहिला पेढा देवाला, दुसरा मिस्त्रींना, आणि पेढ्यासोबत गाडीची किल्ली. मिस्त्री किल्ली खिळ्याला अडकवत, टाकीवर पंजा ठेवत आणि म्हणत, "पहिले पाचशे माझे. मग जन्मभर तुमची."

म्हणजे पहिले पाचशे किलोमीटर गाडी तेच चालवणार. रोज सकाळी रेणापूरपर्यंत जाऊन परत. कधी चाळीसवर, कधी पन्नासवर, मधेच गिअर बदलून, पण कुठंही ताण न देता. रेणापूरला गाडी सावलीत लावून चहा. चहा संपला तरी ते उठत नसत. इंजिनजवळ पंजा धरून बघत. "अजून गरम हाय. निवू द्या. घाई कोणाला हाय?"

आमच्या गल्लीतले किराणावाले अप्पा त्यांना चिडवत, "मिस्त्री, लोकांच्या नव्या गाड्या फुकटात फिरवून ऱ्हायले तुमी!"

"हाव. अन् जुन्या झाल्या की तुमच्याकडं देऊन ऱ्हायलो," मिस्त्री म्हणत.

मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. बावीस वर्षं तेच फळे, तेच प्रश्न, दर जूनला नवी पोरं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एकाएकी ती मोटरसायकल घेतली. वरून झाकण नसलेली, इंजिन आणि नळ्या सगळ्या उघड्या, रुंद हँडलची, तापट. का घेतली, हे मला घरी नीट सांगता आलं नाही. थकलो होतो, एवढंच खरं.

मिस्त्री तिच्याभोवती दोनदा फिरले. "लई उघडी हाय हो, सर. हिला कायबी लपवता यायचं न्हाई." मग खाली बसून इंजिनाकडं बघत राहिले. "पिस्टन अन् सिलिंडरची अजून ओळख व्हायची हाय. नवे सोयरे हायत. पहिल्याच दिवशी मोठ्यानं बोलायचं न्हाई."

मी हसलो. घर्षण हा धडा मी वर्षाला आठ वेळा शिकवतो, आणि हा माणूस मला सोयरीक सांगत होता.

चार दिवस गाडी त्यांच्याकडं होती. क्लासमधले सहकारी विचारू लागले, "सर, गाडी घेतली का पाळायला दिली?" पाचव्या दिवशी रविवार होता. मिस्त्री लेकीकडं मुखेडला गेले होते. शेडला कुलूप नसायचंच. मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि नांदेडचा रस्ता धरला.

अहमदपूरच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला. मी मूठ पिळली. शंभर, एकशे वीस, एकशे तीस. भर उन्हात मी हेल्मेटमध्ये ओरडत होतो, पोरासारखा. नांदेडला पोचलो, गाडीवरून उतरलोही नाही, तसाच वळलो. तिला निवू दिलं नाही. परत येताना इंजिनातून बारीक खरखर यायला लागली होती. मी मूठ सोडली नाही.

सोमवारी मिस्त्रींनी मीटर बघितलं. नंतर मला बघितलं. "बरीच पळाली जणू," एवढंच म्हणाले. ऑइल बदलायला काढलं तेव्हा ते दोन बोटांत चोळून मला दाखवलं. बोटांवर चमकी होती, लोखंडाची. मी घड्याळ बघितलं आणि क्लासला उशीर होतोय म्हणालो.

आवाज वाढत गेला. शेवटी गाडी शोरूमला नेली. मिस्त्री सोबत आले. अप्पाही आले, त्यांना लेकीसाठी स्कूटर बघायची होती. तिथल्या माणसानं इंजिन उघडलं. सिलिंडरला आतून उभे ओरखडे. त्यानं मान वर केली. "नव्या गाडीला असं कुणी तुडवतं का? कोण चालवत होतं ही?"

माझे दोन विद्यार्थी आईबापांसोबत तिथंच गाड्या बघत उभे होते. अप्पा माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "गाडी यांच्याकडंच होती."

शब्द खोटे नव्हते. म्हणून तर ते इतके सहज निघाले.

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलंही नाही. उघड्या सिलिंडरवर नजर ठेवून म्हणाले, "हाव. पहिले पाचशे माझेच."

अप्पांची स्कूटर शोरूममधून थेट घरी गेली. मिस्त्रींना पेढा गेला, किल्ली गेली नाही. मग दुसऱ्याची गेली नाही, मग तिसऱ्याची. कुणी भांडलं नाही. पंक्चर आणि चेन घट्ट करायची कामं येत राहिली. खिळा तेवढा रिकामा झाला. मी रोज दोनदा शेडवरून जायचो. मिस्त्री हात वर करायचे. "कशी हाय गाडी, सर?" मी म्हणायचो, "चांगली आहे." दीड वर्षानं त्यांनी शेड सोडलं आणि ते मुखेडला लेकीकडं राहायला गेले.

गेल्या उन्हाळ्यात मी मुखेडला गेलो. एसटीनं गेलो, त्या गाडीवर बसून त्यांच्या दारात जायची हिंमत नव्हती. ते खाटेवर होते, बरेच वाळलेले. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. बोलायला लागलो तर पहिल्या शब्दाच्या पुढं जाता येईना.

मिस्त्रींनी हात लांब करून माझ्या पाठीवर पंजा ठेवला. थोडा वेळ तसाच धरला.

"लई तापलाव सर," ते म्हणाले. "च्या घ्या. निवू द्या. घाई कोणाला हाय?"

आम्ही चहा घेतला. मी शेवटची एसटी सुटायच्या आत निघालो. त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले.

गाडी अजून माझ्याकडं आहे. नवा सिलिंडर बसवलेला, चांगली चालते. अप्पा अजून दुकानात बसतात. परवा कुणाच्या तरी नव्या गाडीचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "आपला मिस्त्री चांगला होता हो, पण सरांच्या गाडीचं वाटोळं केलं." मी चहाची पुडी घेतली आणि घरी आलो.

इथं लिहिलं, पण अप्पा काही हे वाचणार नाहीत. चार गिऱ्हाइकं उभी असताना अप्पांच्या दुकानात जाऊन, गाडी मी तुडवली, मिस्त्रींनी नाही, एवढं मोठ्यानं सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.