ढगाखालची धार

कालिंदी देवस्थळी जन्मली कलकत्त्यात, वाढली बालीगंजला, आणि पुढे तिथल्याच एका मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागली. थोरला भाऊ श्यामसुंदर शहरातल्याच बेहाल्यात मोटारगाड्या दुरुस्त करी. १९७८ साली एका संशोधन संस्थेने तिला सौर पॅनेल वापरायला दिली. त्यांवर पाण्याचा पंप चाले खरा, पण ऊन जरा मंदावलं की त्याची मोटार अडखळून बंद पडे. उन्हाच्या जोराप्रमाणे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर बनवायचा, असं कालिंदीने मनावर घेतलं.

सुट्टी आली की ती भावाच्या वर्कशॉपात जाऊन बसे. ट्रान्झिस्टर जळत, ती नवे लावी. मोटारीची तार दादाने स्वतः गुंडाळली होती. कॉलेजातले लोक हसत, तेव्हा तो म्हणे, हसू देत. त्या दोन शब्दांवर तिचे आठवडे निघत. पावसाळ्यात गच्चीवर मळभ असतानाही मोटार हळूहळू फिरत राहिली, आणि काम जमलं याची तिला खात्री पटली.

दुर्गापूजेची सुट्टी संपल्यावर कलकत्त्याजवळच्या बजबज गावी, एका तळ्याकाठी तिने दादाच्या मदतीने पंप मांडला आणि संस्थेचे अधिकारी तो पाहायला आले. पाण्याची धार जोरात पडू लागली. तेवढ्यात सूर्यावर जाड ढग आला. ढग आला की धार बारीक होईल, हे कालिंदीने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. धार तसूभरही कमी झाली नाही. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कालिंदी मात्र मोटारीपाशी वाकली.

तिने मोटारीपासून तारेचा माग काढला. तागाच्या पोत्यांखाली ट्रकची बॅटरी होती. तिने दादाकडे पाहिलं. तो तळ्याकडे बघत होता.

"चारचौघांत तुझी फजिती होऊ नये म्हणून लावली," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे माझा कंट्रोलर चालेल असं तुला कधी वाटलंच नाही."



तिने अधिकाऱ्यांना खरं काय ते सांगितलं आणि बॅटरीची तार उपटली. धार बोटभर उरली, पण थांबली नाही. वर्षभर तिला हेच दाखवायचं होतं. पण आता कोण विश्वास ठेवणार? अधिकाऱ्यांपैकी एकाने वाकून इतर पोती उचलून पाहिली. मग सगळे अधिकारी रुमालाने हात पुसत गाडीकडे निघाले. पुढच्याच आठवड्यात संस्थेने पॅनेल परत नेली.

दादाने नंतर दोनदा माफी मागितली. आपण भल्यासाठीच केलं, हेही तो दोन्ही वेळा म्हणाला. भाऊबीजेला कालिंदीने त्याला ओवाळलं, जेवायला वाढलं, वहिनींशी नेहमीसारख्या गप्पा मारल्या. पण बेहाल्याच्या वर्कशॉपात ती पुन्हा गेली नाही. पुढे घरातला पंखा बिघडला, तेव्हाही तिने परका मिस्त्री बोलावला.