आत्याचं नाक

आमच्या नव्या दवाखान्यात सगळं परदेशी होतं, मशीन, फरशी, कॉफीचं यंत्रसुद्धा. तरी ऑपरेशनच्या जखमा चिघळायला लागल्या आणि भारीतली भारी औषधं लागू पडेनात. मग वॉर्डातल्या आम्हा सगळ्या नर्सेसच्या नाकांत कापसाच्या काड्या फिरवून तपासणी झाली. ते चिवट जंतू माझ्या नाकात सापडले. मोठ्या सर्जनसाहेबांसमोर काडी धरायची हिंमत मात्र कुणाला झाली नाही. मला नाकात लावायचं मलम दिलं आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत रुग्णांपासून, तान्ह्या मुलांपासून लांब राहायला बजावलं.

नेमकं त्याच आठवड्यात मलकपेठला भावाच्या मुलीचं बारसं. मी एकुलती एक आत्या. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव मीच सांगायचं, आणि नाळ तर नुकती पडलेली, बेंबी अजून ओली. मी बाळाजवळ येणार नाही, असं आईला सांगून टाकलं.

"तुला सर्दी नाही, ताप नाही. उगंच सगळ्यांना कशाला परेशान करायलीस?"

"मला काही होत नाही गं. बाळाला होईल."

हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं की माझाच मला वैताग आला. घरच्यांनी आपसात ठरवून टाकलं, आत्याबाई रुसल्या, मानाची साडी पसंत पडली नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ पहिलीपेक्षा भरजरी साडी घेऊन दारात हजर. मी कपाळावर हात मारून घेतला. वहिनी तर रडायलाच लागली. "वन्सं, माझी लेक इतकी नकोशी झाली का तुम्हाला?" तिला काय सांगणार? त्या पोरीला मी अजून एकदाही उचललं नव्हतं. जीव नुसता तुटत होता.

बारशाला मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि तिथूनच मोठ्याने नाव सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आत्याच्या पाठीत धपाटे घालायलाही कुणी उठलं नाही.

तेवढ्यात आमचे सर्जनसाहेब आले. भावाचं अपेंडिक्स त्यांनीच काढलेलं, म्हणून खास आमंत्रण होतं. आईने कौतुकाने बाळ थेट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बाळाच्या गालावर नाक घासलं.

"सर, तुमची तपासणी झाली का?" मी दारातून विचारलं. ते नुसते हसले.

"आई, बाळाला घे त्यांच्याकडून."

"गप बस. एवढ्या मोठ्या डॉक्टरांचा हात लागला, लेकराचं नशीब आहे."

मग ती वहिनीकडे झुकून हळूच म्हणाली, "हिला दुसरी साडीपण आवडली नाही वाटतं."